जुन्या वळणाचं धनुष्य

पवईत तिरंदाज नावाचं गाव आहे. गाव म्हणजे आता टॉवर, तलाव आणि आयआयटीच्या आसपासची गर्दी. पण जमिनीच्या कागदपत्रांत अजून 'मौजे तिरंदाज' असं लिहिलेलं सापडतं. मुंबईच्या रोजच्या व्यवहारात धनुष्य उरलं आहे ते एवढंच. नाहीतर इथे 'धनुष्यबाण घेतोय' म्हणालात, तर समोरचा विचारतो, 'कुठल्या वॉर्डातून?'

तरीही लाकडी, हाताने घडवलेलं, जुन्या वळणाचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, मागवायचं वेड माझ्या ओळखीतल्या तिघा-चौघांना लागलं आहे आणि मलाही. परदेशातल्या कारागिराला मेल करायची, लाकूड कुठलं, मूठ कशी, पौंडेज (ओढायला लागणारा जोर, पौंडांत) किती ते ठरवायचं आणि मग महिनोन्‌महिने वाट बघायची. या पत्रव्यवहारात 'व्हिंटेज' हा शब्द सारखा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अर्जुनाच्या नाहीतर रॉबिन हूडच्या काळातली वस्तू. प्रत्यक्षात हे 'जुनं' म्हणजे साधारण १९५० ते १९७० ही वीस वर्षं, आणि तीही अमेरिकेतली. त्या काळात धनुष्य बदललं ते मुख्यतः गोंदामुळे. हा गोंदाचा इतिहास ठाऊक असला, की पैसे कशासाठी मोजायचे आणि कशावर नुसतं भाळायचं, यातला फरक कळू लागतो.

आकार मात्र खरोखरच पुरातन आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातला राम आठवा. त्याच्या धनुष्याची टोकं शेवटी उलट दिशेला, पुढे वळलेली असतात. हेच रिकर्व्ह. दोरी चढवलेली असताना ती टोकाजवळ पात्यावर, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागावर, टेकून बसते. ओढत जावं तसतशी पात्यापासून सुटते आणि वळलेलं टोक तरफेसारखं उघडतं. त्यामुळे ओढ सुरुवातीलाच चांगली भरते आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत अंगावर येत नाही. त्याच लांबीच्या सरळ धनुष्यापेक्षा यात जास्त ताकद साठते.

आता हे वळण टिकवायचं कसं? नुसतं लाकूड इतकं वाकवलं तर पोटाकडून (तिरंदाजाच्या बाजूने) चेपतं, पाठीकडून (पलीकडून) फाटतं. म्हणून मध्य आशिया, तुर्कस्तान, इराण आणि आपल्या उत्तरेकडे तीन थरांचं धनुष्य तयार झालं: मध्ये लाकूड, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीचं शिंग, पलीकडे जनावरांच्या स्नायूंचे तंतू. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतो आणि सगळं धरून ठेवतो तो सरस. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगापासून, शिंगापासून झालेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचं साहित्य म्हणून ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी नोंद आहे. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू असा मोठा पसारा आहे. म्हणजे शिंगाचं धनुष्य हा नुसता पुराणातला अलंकार नव्हता, सरकारी कोठारात त्याचा हिशेब होता.

पण सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेला पदार्थ. कोरड्या हवेत तो लोखंडासारखा, दमट हवेत मेणासारखा. तुर्की कारागीर असं एक धनुष्य पुरं करायला ऋतू बघून वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घेत. मुघलकाळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली जात. ती कितीही वर्षं कोठारात पडली तरी हवेने सुटत नसत. आणि आपल्या किनाऱ्याला, जिथे चार महिने पापडसुद्धा वाळत नाहीत, तिथे बांबूचा कामठा चालला. मराठीतला 'तिरकमठा' हा शब्दच ते सांगतो. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात वारली आणि कातकरी लोकांनी वापरला तो हाच. तो ना सरसावर अवलंबून, ना शिंगावर. मोडला तर दुसरा बांबू तोडायचा. तिरंदाजीच्या चर्चेत लोक या धनुष्याला 'साधं' म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. या हवेला त्याच्याइतकं नीट ओळखणारं धनुष्य इथे शंभर वर्षांपूर्वी दुसरं नव्हतं.

इंग्रजांनी आपल्या यू वृक्षाच्या लांब, सरळ लाँगबोपलीकडे फारसं पाहिलं नाही. वळण पुन्हा आलं ते अमेरिकेतून, आणि तिथेही चमत्कारिक वाटेने. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा इशी हा माणूस, आपल्या लोकांतला शेवटचा उरलेला, शहरी वस्तीत आला. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवण्यात आलं. तिथल्या सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरांनी त्याच्याकडून धनुष्य बनवायची आणि चालवायची विद्या शिकून घेतली. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्ट यंग यांनी मग धनुष्याने शिकारी केल्या. यंग यांच्या अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट १९२०च्या दशकात डेट्रॉइटमध्ये दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकांत फ्रेड बेअर नावाचा तरुण होता.

दुसरीकडे पदार्थविज्ञानवाले धनुष्याच्या मागे लागले होते. क्लॅरेन्स हिकमन हे बेल प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. पुढे महायुद्धात रॉकेटांवर काम केलेला हा माणूस फावल्या वेळात धनुष्याची पाती कशी वाकतात याची गणितं मांडत होता. पॉल क्लॉपस्टेग यांनी तुर्की धनुष्यांचा अभ्यास करून १९३४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. तुर्की वळणात काय गंमत आहे हे अमेरिकेत आता आकड्यांनिशी माहीत झालं. अडलं होतं ते पुन्हा त्याच जागी. शिंग आणि स्नायू रोज कोण चिकटवत बसणार?

फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटला धंदा सुरू केला आणि १९४७ मध्ये मिशिगनच्याच ग्रेलिंग गावी कारखाना हलवला. पहिल्या प्रयोगांत त्यांनी पात्यांच्या थरांत ॲल्युमिनियमची पट्टी घालून पाहिली; ते लवकरच सोडून द्यावं लागलं. मग फायबरग्लास आला. काचेचे धागे एकाच दिशेने लावून रेझिनमध्ये बसवलेली पातळ पट्टी ताणही सोसते आणि दाबही. जे काम शिंग आणि स्नायू मिळून करत होते, ते आता दोन्ही बाजूंना एकच पदार्थ करू लागला. मध्ये मेपलच्या लाकडाच्या चिपा. आणि सरसाच्या जागी पाण्याला दाद न देणारे नवे कृत्रिम गोंद. हजारो वर्षांचं सँडविच तेच राहिलं, फक्त भरण कारखान्यातलं झालं.

त्यानंतरची वीस वर्षं या धनुष्याची ऐन उमेदीची. बेअरचे ग्रिझली, कोडियाक, सुपर कोडियाक. आर्कान्सामधल्या पाइन ब्लफचा बेन पिअरसन. सेंट लुईसचे हॉइट. मूठ रोजवुडची नाहीतर बुबिंगा या लाकडाची, बोटांत बसेल अशी कोरलेली. पाती वर-खाली सापासारखी. आजचा कारागीर 'व्हिंटेज स्टाइल' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हीच असतात.

हा काळ संपलाही झपाट्याने. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ अखेर ते मिळालं आणि पुढच्या दशकात अमेरिकी शिकारी तिकडे वळला. १९२० नंतर ऑलिंपिकमधून गेलेली तिरंदाजी १९७२ मध्ये म्युनिकला परतली. तिथे रिकर्व्ह टिकलं, पण हळूहळू मूठ धातूची, पाती सुटी, पुढे तोल सांभाळणारा स्टॅबिलायझरचा दांडा आणि वर नेम धरायची साइट असा त्याचा अवतार झाला. लाकडी एकसंध रिकर्व्ह दोन्हीकडून बाहेर पडलं.

आपल्याकडे हा मधला टप्पा आलाच नाही. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ ची. आपली मुलं बांबूच्या धनुष्यावरून थेट धातूच्या ऑलिंपिक धनुष्यावर गेली. राजस्थानच्या लिंबा राम यांची वाट तीच, आणि बांबूच्या धनुष्याची 'इंडियन राउंड' स्पर्धा आजही भरते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हवर खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडवर. त्यामुळे मेपल आणि फायबरग्लासचं लाकडी रिकर्व्ह मराठी घरात कुणाच्या आजोबांच्या माळ्यावर सापडत नाही. आपण दुसऱ्यांच्या आठवणी विकत घेतो आहोत, हे मान्य करून टाकलेलं बरं.

आणि आठवणी विकत घेताना माणूस फसतो. मी पहिलं बेअर सेकंडहँड घेतलं, तेव्हा पात्यावर छापलेलं 'कॅनडा १९५३' वाचून सत्तर वर्षांची वस्तू हाती लागली म्हणून खूश झालो. विकणाऱ्यानेही तसंच सांगितलं होतं. ती पेटंटची ओळ आहे, बनावटीच्या सालाशी तिचा संबंध नाही; पुढची कितीतरी वर्षं ती छापली जात होती. शिवाय खालचं पातं किंचित पिळलेलं निघालं. अशी पिळलेली पाती बहुधा दोरी चुकीच्या पद्धतीने, पायात अडकवून चढवल्यामुळे होतात. ते धनुष्य आता भिंतीवर आहे. त्यानंतरच मी नवं, जुन्या वळणाचं घडवून घ्यायच्या विचाराला लागलो.

घडवून घेताना नक्कल कशाची करायची, हा खरा प्रश्न. त्यातली बहुतेक धनुष्यं शिकाऱ्यांची होती. ४५-५० पौंडांची, कारण समोर हरीण किंवा अस्वल. काही तर झाडीत वावरायला सोपी म्हणून ५२ इंचांची. आपल्याकडे शिकार कायद्याने बंद, समोर फोम आणि कागद. तेव्हा ते पौंडेज आणि ती आखूड लांबी उचलण्यात अर्थ नाही. आखूड धनुष्यात दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटली जातात. आपली ओढ, म्हणजे दोरी जितकी मागे खेचतो ती लांबी, २६ ते २८ इंच असेल तर ६० ते ६२ इंच धनुष्य बरं, आणि नव्याने शिकणाऱ्याला ३० ते ३५ पौंड पुरे. लिहिलेलं पौंडेज २८ इंचांच्या ओढीवरचं असतं, हेही विसरू नये. दर इंचाला साधारण दोन-तीन पौंडांचा फरक पडतो. साडेसव्वीस इंच ओढणाऱ्याच्या हातात चाळीसचं धनुष्य छत्तीस-सदतीसचंच राहतं. मेल करण्याआधी कुणाकडून तरी आपली ओढ मोजून घ्या. उंचीवरून अंदाज बांधणारे नंतर कुरकुरतात.

टोकांचं मात्र नवं घ्यावं. जुन्या धनुष्यांची टोकं डॅक्रॉनच्या, थोड्या ताणणाऱ्या दोरीसाठी होती. आजची न ताणणारी दोरी त्यांना चिरते किंवा पात्याचे थर सुटतात. कारागिराला टोकं भक्कम करायला सांगा आणि कुठली दोरी चालेल ते लेखी घ्या. दिसायला काहीच फरक पडत नाही.

लाकडाबद्दल मी जरा हट्टी आहे. जुन्या धनुष्यांत ब्राझिली रोजवुड दिसतं म्हणून तेच मागणारे आहेत. ते १९९२ पासून साइटीस या दुर्मिळ वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यांत कडक परिशिष्टात आहे, आणि २०१७ मध्ये शिसवीचं सगळं कुळच त्या कराराखाली आलं. ज्या झाडाचे भाऊबंद सह्याद्रीत उभे आहेत, ते परदेशी कोरवून, कागदपत्रांची भानगड निस्तरून परत मुंबईत आणायचं, हे मला काही झेपत नाही. अक्रोड किंवा मेपलची मूठ तेवढीच छान बसते. बाण सोडायच्या कामात मुठीच्या लाकडाचा वाटा वजनापुरताच असतो. काम पाती करतात.

हवेचं म्हणाल, तर फायबरग्लासमुळे जुलै महिना फारसा छळत नाही. मारतं ते मे महिन्यातलं गाडीच्या डिकीतलं ऊन, तिथे नवे गोंदही नरम पडतात. घरी दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं, भिंतीला टेकवून कोपऱ्यात नाही.

शेवटचा वाद एकसंध की सुटं. कडवे लोक म्हणतात, व्हिंटेज म्हणजे एकसंधच. पण सुटी पाती लावायची टेकडाउन बनावट बेअर यांच्याकडेही १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलीच होती, म्हणजे तीही त्याच काळातली. मी एकसंध घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग एकदा मित्राचं साठ इंची धनुष्य कापडी पिशवीत घालून संध्याकाळी सव्वासहाला दादरहून विरार लोकलमध्ये चढायचा प्रसंग आला. दारातल्या एका काकांनी पिशवीकडे बघून विचारलं, 'पडद्याचा रॉड का?' मी हो म्हटलं आणि बोरिवलीपर्यंत तो डोक्यावर उभा धरून राहिलो. दुसऱ्या दिवशी कारागिराला मेल केली: तीन तुकड्यांत द्या.