तुमचा पहिला जावा प्रोग्राम: सुरुवात भाटातल्या नारळांपासून

जावा ही कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची भाषा आम्ही शिकवतो. परीक्षा जवळ आली की फोंड्याच्या आमच्या वर्गात फोन सुरू होतात. "जावाचा एखादा तयार प्रोजेक्ट आहे का हो तुमच्याकडे?" नाही. तयार प्रोजेक्ट आम्ही विकत नाही आणि कुणाकडून आणूनही देत नाही. लायब्ररीचा, एटीएमचा, कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम नेटवर फुकट पडलेला असतो, आणि परीक्षकाने तो शंभरदा पाहिलेला असतो. "ही ओळ इथे कशाला?" एवढंच त्याने विचारलं की मूल छताकडे बघू लागतं. त्यापेक्षा स्वतः बसून केलेला चाळीस-पन्नास ओळींचा साधा प्रोग्राम बरा. तो कसा उभा करायचा, ते या पत्रकात आहे. पत्रक शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी आहेच, नोकरी सांभाळून जावा शिकायला निघालेल्यांनीही वाचावं.

विषय घरातच असतो

जगात कुणी कधी केला नाही असा प्रोग्राम पहिल्या खेपेला कुणीच करत नाही. प्रश्न तुमचा असावा, एवढं पुरे. घरात अजून वहीवर चालणारा एखादा हिशोब शोधा. त्याचं उत्तर हाताने काढता आलं पाहिजे, नाहीतर प्रोग्राम चुकला हे कळणार कसं?

उदाहरणाला आम्ही भाट, म्हणजे माडांची बाग, घेतो. पाडेली (नारळ पाडणारा) येतो, माडामागे पैसे घेतो, नारळ खाली पडतात, मोठे-बारीक वेगळे होतात, थोडे घरी राहतात, बाकीचे विकले जातात. शेवटी आजी विचारते, "हातात किती रवले (उरले)?" हाच आपला प्रोग्राम. ज्यांचं भाट नाही, फ्लॅटच आहे, त्यांनी चतुर्थीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान घ्यावं: काय रानातून आणलं, काय बाजारातून, खर्च किती. किंवा रायबंदर–चोडण फेरीबोटीत एका खेपेला किती दुचाक्या आणि किती चारचाक्या मावतील, ते घ्यावं. प्रश्न छोटा असला तर चालेल, आपल्याला ठाऊक असलेला हवा.

आधी वही, मग कॉम्प्युटर

पहिले दोन दिवस आम्ही कॉम्प्युटर लावू देत नाही. मुलांना राग येतो, पण पावसात वीज गेली की तेच मजेत लिहीत बसतात.

वहीवर तीन गोष्टी लिहायच्या: आत काय येणार, बाहेर काय जाणार, आणि मध्ये काय घडणार. आपल्या उदाहरणात आत येतात माडांची संख्या, प्रत्येक माडाचे नारळ, त्यातले मोठे किती, घरी किती ठेवले, पाडेल्याचा दर आणि नारळाचे दोन भाव. बाहेर जाते ती हातात राहिलेली रक्कम.

मग आकडे घालून एकदा हाताने सोडवायचं. समजा १४ माड, एकूण ११८ नारळ. त्यातले ८ घरी ठेवले, ७० मोठे आणि ४० बारीक विकले. दर सोपे धरू: पाडेल्याला माडामागे ६० रुपये, मोठा नारळ ३० ला, बारीक १८ ला. विक्री २१०० अधिक ७२०, म्हणजे २८२०. मजुरी ८४०. हातात १९८०. हा आकडा वहीत गोल करून ठेवा. प्रोग्राम १९८० म्हणेपर्यंत तो पुरा झाला असं समजू नका.

खरी गंमत हाताने सोडवतानाच येते. पाडेली माडावर चढला आणि काढण्यासारखा एकही नारळ नव्हता, तर पैसे द्यायचे? द्यायचेच, तो चढला आहे. म्हणजे एखाद्या माडाचे नारळ शून्य असू शकतात, पण तो माड मोजणीत राहतो. उणे तीन नारळ मात्र असू शकत नाहीत, तिथे प्रोग्रामने पुन्हा विचारायला हवं. मोठे नारळ एकूण नारळांपेक्षा जास्त लिहिले तर? असे प्रश्न वहीवर सुटतात. टाइप करायला बसल्यावर सुचले तर अर्धं काम मोडून परत करावं लागतं.

आता टाइप करा, पण एका घासात नको

पहिला टप्पा म्हणजे एकच माड, आणि आकडे प्रोग्राममध्येच लिहिलेले. चालवा, उत्तर बघा. दुसऱ्या टप्प्यात आकडे कीबोर्डवरून घ्या, तिसऱ्यात फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणारी रचना) लावून चौदा माड करा. चौथ्यात इफ, म्हणजे अट, घालून उणे आकडे परतवा. इथवर आलात की प्रोग्राम दाखवण्याजोगा झाला. हुरूप असेल तर माड नावाचा क्लास (एका वस्तूची माहिती एकत्र ठेवणारा साचा) करा, प्रत्येक माडाला त्याचा क्रमांक आणि नारळ द्या आणि सगळे माड अ‍ॅरेलिस्टमध्ये, म्हणजे एका यादीत, ठेवा, म्हणजे सर्वांत जास्त लागलेला माड शोधता येतो. डेटाबेस, रंगीत खिडक्या, मोबाइल अ‍ॅप या वर्षी नको. दर टप्प्याला फाइलची वेगळी प्रत ठेवा. बिघडलं तर कालच्या प्रतीवर जाता येतं.

जिथे सगळे अडखळतात

माडामागे सरासरी किती नारळ? ११८ भागिले १४ म्हणजे सुमारे ८.४३, पण प्रोग्राम म्हणतो ८. इंट (पूर्णांक) प्रकारच्या आकड्याला इंटनेच भागलं की जावा अपूर्णांक सरळ टाकून देते. भागाकार झाल्यावर उत्तर डबल, म्हणजे अपूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारचं, केलंत तर ८.० मिळतं, कारण अपूर्णांक तोवर गेलेला असतो. भागण्याआधीच दोहोंपैकी एक आकडा डबल करायचा. गंमत अशी की वाटणी करताना हाच स्वभाव कामाला येतो. घरी ठेवलेले ८ नारळ तीन घरांत वाटायचे तर भागाकार २ देतो, आणि टक्क्याच्या चिन्हाने मिळणारी बाकीही २. प्रत्येक घरी दोन, उरलेले दोन देवाला. तिथे २.६७ हे उत्तर घेऊन करायचं काय?

दुसरा सापळा अक्षरांचा. "आणखी माड आहे?" या प्रश्नाला मूल "हो" टाइप करतं आणि प्रोग्राम बंद पडतो. दोन बरोबर चिन्हांनी (==) स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, तपासली की जावा बघते, ती दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच वस्तूची आहेत का. अक्षरं सारखी आहेत का, हे विचारायला इक्वल्स वापरावं लागतं. ही चूक एकदा प्रत्येकाकडून होते, आमच्या शिक्षकांकडूनही झाली आहे.

तिसरा स्कॅनरचा, म्हणजे टाइप केलेलं आत घेणाऱ्या साधनाचा. नेक्स्टइंटने आकडा घेतला, पुढे अख्खी ओळ घेणाऱ्या नेक्स्टलाइनने नाव विचारलं, तर प्रोग्राम नावाला थांबतच नाही. आकड्यानंतर दाबलेला एंटर मागे उरलेला असतो आणि नेक्स्टलाइन तोच उचलते. आम्ही सांगतो, सगळं नेक्स्टलाइनने घ्या आणि इंटिजरच्या पार्सइंटने आकडा करा. पार्सइंटला देवनागरी "१२" सुद्धा कळतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. "बारा" असं अक्षरात लिहिलं तर मात्र नंबर फॉरमॅट एक्सेप्शन ही चूक येते.

लाल अक्षरांत दहा चुका दिसल्या तर पहिलीच वाचा. एक अर्धविराम राहिला की खालच्या पाच तक्रारी त्याच्याच असू शकतात. "रीच्ड एंड ऑफ फाइल" असं आलं की बहुतेक वेळा महिरपी कंस बंद करायचा राहिलेला असतो.

मराठीत नावं दिली तर?

चालतात. व्हेरिएबलला (आकडा साठवायच्या जागेला) "नारळ", "माड", "मजुरी" अशी देवनागरी नावं जावा घेते. इंट, इफ, फॉर हे भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात. घरी एकदा असा प्रोग्राम करून बघा, आजीलाही अर्धा वाचता येईल. परीक्षेला आणि फाइलच्या नावाला रोमन अक्षरंच ठेवा, आणि पब्लिक क्लासचं व फाइलचं नाव अक्षर न् अक्षर सारखं, लहान-मोठी लिपी धरून. काळ्या खिडकीत मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर हिशोब बिघडला असं समजू नका. तिथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, जुळलेलं नसतं.

साहित्य

भारी लॅपटॉप लागत नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही हे काम होतं. ओपनजेडीके, म्हणजे जावा चालवायचं साधन, फुकट मिळतं. दीर्घकाळ आधार मिळणारी २१ ही आवृत्ती घ्या, ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. आवृत्ती ११ पासून एका फाइलचा प्रोग्राम आधी कंपाइल न करता (मशीनला कळेल अशा रूपात वेगळा न बदलता) थेट चालवता येतो, शिकताना ते सोयीचं. लिहायला नोटपॅड पुरे, ब्लूजे हा शिकणाऱ्यांसाठीचा एडिटर घेतलात तरी हरकत नाही. स्वतःच ओळी पुऱ्या करून देणारे मोठे एडिटर पहिला महिना टाळा, आणि एआयकडून सगळा प्रोग्राम लिहून घेण्याचं तर नावच नको. चूक दाखवणाऱ्या संदेशाचा अर्थ त्याला खुशाल विचारा.

जाता जाता, सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग यांनी ही भाषा रचायला घेतली तेव्हा तिचं नाव होतं ओक, खिडकीबाहेरच्या झाडावरून. १९९५ मध्ये ती जावा झाली. भाषेचा जन्म झाडाखाली झाला म्हणायला हरकत नाही, आपण तिला माडाखाली आणली इतकंच.

आमच्याकडे येताना

वही आणा. त्यात आत-बाहेर-मध्येचा आराखडा आणि हाताने सोडवलेलं एक उदाहरण हवं. ते नसेल तर पहिली बैठक त्यातच जाते, तिचे पैसे आम्ही घेत नाही. प्रोग्राम अडला असेल तर पेन ड्राइव्हवर फाइल आणा. संदेशाचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो वाचताना आमचे डोळे जातात. कीबोर्ड तुमच्याच हातात राहील, आम्ही बाजूला बसू. चतुर्थीच्या आठवड्यात वर्ग बंद असतो, तेव्हा माटोळीचा प्रोग्राम करायचा असेल तर आधीच या.