खून पुस्तकांच्या दुकानातच का होतो?

छोटं गाव, पुस्तकांचं दुकान, काउंटरवर झोपलेलं मांजर आणि मागच्या खोलीत प्रेत. इंग्रजीतल्या ‘कोझी मिस्टरी’चं हे ठरलेलं नेपथ्य. खून होतो, पण रक्त फारसं दिसत नाही, आणि पोलीस चाचपडत असताना दुकानाची मालकीणच छडा लावते.

या मालकिणीची आजी म्हणजे ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. डिसेंबर १९२७ मध्ये ती एका मासिकातल्या कथेत आली, १९३० मध्ये पहिल्या कादंबरीत. सेंट मेरी मीड गावात विणकाम करत बसलेल्या या अविवाहित म्हातारीकडे सगळ्या गावाच्या बातम्या चहाच्या टेबलावर आपसूक येतात. ‘तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?’ असं तिला कोण विचारणार? हौशी डिटेक्टिव्हची खरी अडचण इथेच असते. त्याच्याकडे ना वर्दी, ना वॉरंट. लोकांनी त्याच्याशी बोलावं तरी का?

रेमंड चॅंडलर या अमेरिकन रहस्यकथाकाराने १९४४ मध्ये या असल्या बेतीव खुनांची यथेच्छ टर उडवली. आपल्याला रहस्यकथांचं व्यसन आहे हे कबूल करणाऱ्या ऑडेन या कवीने मात्र १९४८ मध्ये त्यांची बाजू नेमकी पकडली. जागा जितकी निर्मळ, तितकं प्रेत विसंगत. दिवाणखान्याच्या गालिच्यावर कुत्र्याने घाण करावी तसं. चॅंडलर चुकीचं बोलत नव्हता, पण या कथा वाचल्या का जातात ते ऑडेनला कळलं होतं.

हा साचा अमेरिकेत नेताना अडचण आली. पाद्रीबुवांच्या घरचा चहा तिथे कुठून आणायचा? तिथली नायिका कमावती, बहुधा एकटी. तिला गावातल्या प्रत्येकाला भेटण्याचं निमित्त हवं, आणि दुकान ते देतं. त्यातही किराणा दुकानात माणूस सामान घेऊन निघून जातो. पुस्तकांच्या दुकानात रेंगाळतो, गप्पा मारतो, आणि कोण काय वाचतो ते मालकिणीला पाठ असतं.

दुकान आणि रहस्य ही जोडी तशी जुनी. ख्रिस्टोफर मोर्लीच्या १९१९ च्या कादंबरीत ब्रुकलिनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक सारखं गायब होतं आणि परत येतं. मुळाशी निघतो तो जर्मन हेरांचा बॉम्बचा कट. पण ते महानगर. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘मर्डर इंक’ हे फक्त रहस्यकथांचं खरंखुरं दुकान उघडलं. मग १९८७ मध्ये कॅरोलिन हार्टने असंच एक दुकान साउथ कॅरोलायनाजवळच्या काल्पनिक बेटावर थाटलं. तिथे रहस्यकथाकारांच्या बैठकीतच एका लेखकाचा खून होतो. दुकानात कॉफी मिळते, मांजराचं नाव ॲगाथा, आणि भिंतीवरची चित्रं कोणत्या कादंबऱ्यांतली हे ओळखायची गिऱ्हाइकांत चुरस. टीव्हीवर १९८४ पासून ‘मर्डर, शी रोट’ने मेन राज्यातल्या कॅबट कोव्ह या काल्पनिक गावात खुनांची रांग लावून प्रेक्षक तयार केलेच होते. १९८९ मध्ये या लेखनासाठी ‘मॅलिस डोमेस्टिक’ संमेलन सुरू झालं. त्याच्या ॲगाथा पुरस्कारात चहाची किटली देतात!

दुसरा धागा वेल्समधला. रिचर्ड बूथने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे-ऑन-वाय या गावात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, हळूहळू गावभर तशीच दुकानं झाली, आणि १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला गावाचा राजा जाहीर केलं. २०१७ मध्ये आपल्याकडे भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं ते याच धर्तीवर. तिथे दुकानं नाहीत, पुस्तकं घरोघरी वाचायला ठेवली आहेत. पण बाहेरच्या माणसांची वर्दळ असते, म्हणजे कोझीला लागणारं अर्धं साहित्य आहेच.

हे-ऑन-वायचीच नक्कल करून सावरलेलं न्यू हॅम्पशायरमधलं काल्पनिक स्टोनहॅम २००८ मध्ये लोर्ना बॅरेटच्या मालिकेत आलं. पहिला बळी पाककृतींच्या पुस्तकांची दुकानदारीण. तिचं एक दुर्मीळ पुस्तकही नाहीसं होतं. या काळात खऱ्या दुकानांची मात्र पडझड चालली होती. २००६ च्या अखेरीस ‘मर्डर इंक’ बंद पडलं, २००७ मध्ये ई-पुस्तकं वाचायचं किंडल आलं, २०११ मध्ये बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानांच्या साखळीचं दिवाळं निघालं. स्टोनहॅममध्ये तेव्हाही भाडं निघत होतं आणि गिऱ्हाइकं येत होती. खुनी पकडला जाणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. या कादंबऱ्यांतली त्याहून मोठी कल्पनारम्य गोष्ट म्हणजे नीट चालणारं पुस्तकांचं दुकान.