दोन मुस्तईन, दोघेही सरदारांनी बसवलेले

अब्बासी घराण्यात अल-मुस्तईन नावाचे दोन खलिफा झाले. दोघांनाही फौजेतल्या सरदारांनी गादीवर बसवलं आणि दोघांनाही सरदारांनीच खाली ओढलं. मधे ५५० वर्षं गेली, तरी एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सहज खपते.

पहिला सामर्राचा, म्हणजे बगदादजवळच्या तेव्हाच्या राजधानीचा. ८६१च्या डिसेंबरात तुर्की शिपायांनी खलिफा मुतवक्किलचा खून पाडला. त्याच्या जागी खलिफा झालेला मुलगा मुन्तसिर सहा महिन्यांत वारला. आता दुसरा मुलगा आला तर बापाचा सूड उगवणार, या धास्तीनं बुघा, उतामिश वगैरे सरदारांनी मुतवक्किलचा पुतण्या अहमद पुढे केला. तो मुस्तईन. उतामिश वजीर झाला, खजिन्यावर हात मारू लागला आणि ८६३मध्ये तुर्की शिपायांनीच त्याला कापलं. ८६५मध्ये सरदारांत फूट पडली, मुस्तईन बगदादला निघून गेला. सामर्रात उरलेल्यांनी कैदेतून कोणाला काढून खलिफा केलं? मुतवक्किलचाच मुलगा मुताझ! बगदादला वेढा पडला. शहराच्या सुभेदारानं आधी झुंज दिली, मग तहाची बोलणी लावली. ८६६च्या जानेवारीत जिवाच्या हमीवर मुस्तईननं गादी सोडली. ऑक्टोबरात त्याला मारलं. मुंडकं आलं तेव्हा मुताझ बुद्धिबळ खेळत होता आणि डाव संपेपर्यंत ते बाजूला ठेवायला त्यानं सांगितलं, असं इतिहासकार तबरी लिहितो.

दुसरा कैरोचा. तिथला खलिफा इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानाच्या दरबारातला शोभेचा धनी, सत्ता सुलतानाची. १४१२मध्ये शेख आणि नवरूझ या अमिरांनी, म्हणजे सरदारांनी, सुलतान फरजला सीरियात हरवलं. पण दोघंही तोलामोलाचे, एकानं सुलतान व्हावं हे दुसऱ्याला पटेना. म्हणून फरजच्या फौजेबरोबर हाती सापडलेल्या खलिफा मुस्तईनलाच सुलतान केलं. पहिल्याची निवड भीतीतून झाली, याची बरोबरीतून. गडी मात्र सावध. सुलतानपद गेलं तरी खिलाफत राहील, असं वचन त्यानं आधीच घेतलं. माझ्या मते दोघांत हुशार हाच, जरी इतिहासात त्याला बाहुलं म्हणून निकालात काढतात. सहाएक महिन्यांत शेख स्वतः सुलतान झाला. १४१४मध्ये वचन मोडून खिलाफतही काढून घेतली, पण मारलं नाही. अलेक्झांड्रियात तो पुढे बरीच वर्षं जगला.

वाचताना ‘खलिफा’च्या जोडीला ‘सुलतान’ही दिसलं, तर समजा कैरोचा. सामर्राचा मुस्तईन सुलतान कधीच नव्हता.