बी. डी., टी. डी. एस., एस. ओ. एस.: डॉक्टरांच्या चिठ्ठीतील लॅटिन

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी अशा तालुक्यांतून रुग्ण येतात आणि औषधे घेऊन एसटीने गावी परततात. कोणती गोळी केव्हा घ्यायची, हे घरी गेल्यावर सांगणारी एकच वस्तू जवळ असते, ती म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. आणि तिच्यातील वेळेच्या सूचना आजही पुष्कळदा लॅटिन आद्याक्षरांत लिहिलेल्या असतात. युरोपात अनेक शतके लॅटिन ही वैद्यकाची भाषा होती आणि ब्रिटिश काळातील वैद्यकीय शिक्षणाबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली. चिठ्ठीच्या डाव्या बाजूला, पायावर काट मारलेल्या इंग्रजी 'आर'सारखी जी खूण असते, तीही 'घे' या अर्थाच्या लॅटिन 'रेसिपे' शब्दाची आहे.

'बी. डी.' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टी. डी. एस.' म्हणजे तीनदा आणि 'क्यू. डी. एस.' म्हणजे चारदा. हे आकडे औषध शरीरात किती काळ टिकते यावर बरेचसे अवलंबून असतात. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. अमॉक्सिसिलिन या जंतूंवरील औषधाचा अर्धायुकाल सुमारे एक तासाचा आहे, म्हणून ते सहसा तीनदा देतात. अझिथ्रोमायसिन हे तशाच प्रकारचे औषध पेशींमध्ये साठून कित्येक दिवस टिकते, म्हणून त्याची एकच मात्रा दिवसाला पुरते. त्यामुळे 'टी. डी. एस.'च्या तीन गोळ्या सकाळ ते दुपार एवढ्यातच संपवल्या, तर रात्रभर जंतूंना मोकळीक मिळते.

'ए. सी.' म्हणजे जेवणापूर्वी, 'पी. सी.' म्हणजे जेवणानंतर. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके जठराच्या अस्तराला त्रास देतात, म्हणून ती जेवणानंतर घेतात, तर थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी अधिक चांगली शोषली जाते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण दुधातील कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे, तसेच सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे शोषण कमी करते. अशी गोळी दुधाबरोबर घेतली, तर तिचा बराचसा भाग वाया जातो.

'एच. एस.' म्हणजे झोपताना आणि 'स्टॅट' म्हणजे ताबडतोब. 'एस. ओ. एस.' मात्र थोडे समजून घ्यावे लागते. संकटातील जहाजे पाठवीत त्या संदेशाशी त्याचा संबंध नाही. 'सी ओपुस सित', म्हणजे 'गरज पडल्यास', असा त्याचा अर्थ आहे. गरज पडल्यास याचा अर्थ हवे तितक्यांदा असा होत नाही. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत किमान ४ तासांचे अंतर हवे आणि प्रौढ व्यक्तीने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. त्यापुढे यकृताला गंभीर इजा होऊ शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही या हिशेबात धरावे.

या आद्याक्षरांतून धोकेही उद्भवतात. 'ओ. डी.' आपल्याकडे दिवसातून एकदा या अर्थाने लिहितात, पण नेत्रविकाराच्या चिठ्ठीत त्याचाच अर्थ उजवा डोळा असा असतो. 'क्यू. डी.' म्हणजे रोज एकदा, ते घाईच्या अक्षरात 'क्यू. आय. डी.' (दिवसातून चारदा) असे वाचले गेले, तर मात्रा चौपट होते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये 'क्यू. डी.'सह काही संक्षेप वापरू नयेत अशी यादीच लागू केली. आपल्याकडे अनेक डॉक्टर '१-०-१' (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) असे लिहितात, ते निःसंशय अधिक चांगले आहे; तरीही शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करणाऱ्याने आपली सकाळ कोणती धरायची, हे विचारून घेतलेच पाहिजे.

सर्वाधिक सावधगिरी मेथोट्रेक्सेटबाबत हवी. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्याने जगभरात रुग्ण दगावलेले आहेत. अशा औषधापुढे डॉक्टरांकडून वाराचे नाव मराठीत लिहून घ्यावे आणि मेडिकल दुकानात गोळ्या घेताना तोच वार पाकिटावरही लिहायला सांगावा.