दारात बसवलेला पंखा आणि ५० पास्कल

‘घराने श्वास घेतला पाहिजे’ हे वाक्य मी अनेक सुशिक्षित माणसांकडून ऐकले आहे. फटींमधून हवा खेळती राहते, असा त्यामागचा समज आहे. कोकणातल्या कौलारू घराला तो शोभतो. पण बाहेर उणे ५ अंश आणि आत २० अंश तापमान असते, तेव्हा पैसे मोजून तापवलेली हवा त्याच फटींतून निघून जाते. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या दुमजली घरात मी जानेवारीत ही गळती मोजली जाताना पाहिली आणि तेव्हापासून दारात पंखा बसवून करायच्या या चाचणीविषयी लिहायचे मनात होते.

तिच्या तळमजल्यावरच्या ईशान्येकडील खोलीत हीटर चालू असूनही पाय गारठत आणि रात्री दार आपोआप हलत असे. एका नातेवाइकांनी वास्तुदोष सांगितला. खिडक्या विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने सगळ्या खिडक्या बदलायला सांगितल्या. काहीही न मोजता निदान करायचे आणि खर्चिक उपाय गळ्यात मारायचा, ही दोघांचीही रीत मला सारखीच घातक वाटते.

दार हलवणारे बल शालेय भौतिकशास्त्रातलेच आहे. २० अंशांच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२० किलो, तर उणे ५ अंशांच्या हवेचे सुमारे १.३२ किलो असते. या फरकाला गुरुत्वत्वरणाने गुणले, की उंचीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १.१ पास्कल दाबफरक मिळतो. तळमजल्याच्या जमिनीपासून वरच्या छतापर्यंत साडेपाच मीटर उंची धरली, तर एकूण फरक ६ पास्कल होतो. फटी वर-खाली सारख्या विखुरलेल्या असतील, तर मध्यावर एक तटस्थ पातळी तयार होते. तिच्या वर, छतापाशी, आतली हवा सुमारे ३ पास्कलने बाहेर ढकलली जाते आणि खाली जमिनीपाशी बाहेरची हवा तेवढ्याच दाबाने आत ओढली जाते. चुलीवरचे धुराडे असेच चालते, आणि हिवाळ्यातले उबदार घर हे एक रुंद धुराडेच असते. वरून जितकी हवा जाते तितकीच खालून आत यावी लागते. म्हणून गारवा तळमजल्यावर जाणवतो, पण त्याचे मूळ बहुधा छतात असते. खिडक्या छताच्या मानाने तटस्थ पातळीच्या जवळ असल्यामुळे त्यांच्या फटींवर या दाबाचा जोर कमी पडतो.

असे ३ पास्कल वाऱ्याच्या झुळकीतही हरवतात, त्यामुळे ते थेट मोजणे कठीण असते. म्हणून तपासनीस मुख्य दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि हवा बाहेर फेकत आतला दाब ५० पास्कलने कमी करतात. पाच मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढाच हा दाब, पण वाऱ्याच्या चढउतारांना पुरून उरतो. १९७७ च्या सुमारास स्वीडनमध्ये हा पंखा खिडकीत बसवला जाई. गळणारा प्रवाह दाबाच्या सुमारे ०.६५ घाताच्या प्रमाणात वाढतो. रुंद भोकातून हवा खळबळत जाते तेव्हा घातांक ०.५ च्या जवळ असतो, अरुंद फटीतून संथपणे झिरपते तेव्हा १ च्या. म्हणजे ४ पास्कलच्या तुलनेत ५० पास्कलला दाब साडेबारा पट असला, तरी प्रवाह फक्त पाचेक पट असतो. निरनिराळ्या दाबांना प्रवाह मोजला, की फटींचा स्वभावही कळतो, आणि मला या चाचणीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

बहिणीच्या घराचे आकारमान ४५० घनमीटर आणि प्रवाह तासाला ४,०५० घनमीटर भरला. म्हणजे ५० पास्कलला घरातली सगळी हवा तासात ९ वेळा बदलत होती. जर्मनीतून आलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ या अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घरांच्या मानकात हीच मर्यादा ०.६ आहे.

मग आम्ही माळ्यावर चढलो. तिथे ऊब राखण्यासाठी अंथरलेल्या पिवळ्या काचलोकरीवर नळांच्या पोकळीभोवती काळे डाग पडले होते. वर्षानुवर्षे तिच्यातून जाणाऱ्या हवेतली धूळ तिने गाळली होती. थंडीत दुचाकीवर नुसता स्वेटर घातला तर वारा आरपार लागतो, आणि वर पातळ जर्किन चढवले की ऊब टिकते. काचलोकरीचेही तसेच असते. १९७० च्या दशकात याच न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना माळ्यातून हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता जाताना आढळली, आणि तिथेही सामाईक भिंतींच्या व धूरनळीच्या कडेच्या छुप्या वाटाच सापडल्या.

त्या पोकळ्या, छतात बसवलेल्या दिव्यांच्या कडा आणि माळ्याचे झाकण बंद केल्यावर आकडा ९ वरून ५.६ वर आला, आणि एकही खिडकी न बदलता खालच्या खोलीतला गारठा ओसरला. त्यानंतर तपासनीसाने स्वयंपाकघरातले व न्हाणीघरातले पंखे एकदम सुरू करून गॅसच्या वॉटर हीटरच्या धूरनळीपाशी धुराची कांडी धरली, कारण घट्ट झालेल्या घरात हीटरचा धूर, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड, उलटा आत ओढला जाऊ शकतो. कांडीचा धूर क्षणभर घुटमळला आणि मग नळीतून वर गेला.