स्मार्ट आरशाचा सेन्सर परत आणण्यापूर्वी

आमच्या दुकानातून टू-वे काच (समोरून आरसा, पण मागचा उजेड आरपार दिसू देणारी), रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि पीआयआर सेन्सर (माणसाची हालचाल ओळखणारा) नेऊन घरी स्मार्ट आरसा, म्हणजे काचेमागे स्क्रीन असलेला आरसा, तयार करणारे अनेक ग्राहक काही दिवसांनी सेन्सर परत आणतात आणि समोर उभे राहूनही स्क्रीन सुरू होत नाही, अशी तक्रार करतात. काउंटरवर जोडून पाहिल्यावर त्यांतील बहुतेक सेन्सर व्यवस्थित चालतात. चूक झालेली असते ती सेन्सर काचेच्या मागे बसवण्यात.

एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर दृश्य प्रकाशावर चालत नाही. शरीराच्या उष्णतेमुळे निघणारे, साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण तो टिपतो आणि हे किरण काचेतून आरपार जात नाहीत. त्यामुळे मागचा डिस्प्ले आपल्याला कितीही स्वच्छ दिसत असला, तरी सेन्सरपुढे भिंतच उभी असते आणि संवेदनशीलतेचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही काही साधत नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरल्यानेही प्रश्न सुटत नाही. सेन्सरवरचा पांढरा घुमट पॉलिथिलीनचा असल्याने त्यातून मात्र किरण आत जातात. म्हणून चौकटीच्या पट्टीत घुमटाच्या मापाचे छिद्र पाडून तो उघडा ठेवावा आणि शोभेसाठी त्यावर रंग किंवा टेप लावू नये.

खात्री करायची असल्यास सेन्सर तारांसह चौकटीबाहेर काढावा, वीज दिल्यावर त्याला स्थिरावण्यासाठी मिनिटभर द्यावे आणि मग समोरून चालून पाहावे. तरीही प्रतिसाद नसेल, तर पिन क्रमांक तपासावा, कारण रास्पबेरी पायच्या बोर्डावरील ११ क्रमांकाची पिन प्रोग्रॅममध्ये जीपीआयओ १७ या वेगळ्या क्रमांकाने ओळखली जाते. कोणी नसताना स्क्रीन सुरू होत असेल, तर सेन्सर रास्पबेरी पायच्या वायफायपासून व थेट उन्हापासून दूर न्यावा.

तपासल्याशिवाय आम्ही सेन्सर बदलून देत नाही, याचा काहींना राग येतो; परंतु चांगला सेन्सर बदलून दिला, तरी नवाही त्याच काचेमागे बसणार, हे उघड आहे. काचेमागेच बसवण्याचा आग्रह असल्यास आमच्याकडे आरसीडब्ल्यूएल-०५१६ हा रडार सेन्सर मिळतो, मात्र पातळ भिंतीपलीकडे कोणी चालले तरी तो आरसा जागा करतो आणि काचेवरचा लेप धातूचा असेल तर त्याची क्षमता घटते, म्हणून तो आम्ही स्वतःहून सुचवत नाही. चौकट आमच्याकडून घेतल्यास छिद्र त्याच किमतीत पाडून मिळते. स्वतःची चौकट आणणाऱ्यांनी मापासाठी सेन्सर सोबत आणावा.