लोणी बाजारात, ताक घरात

आयर्लंडच्या खेड्यातलं जेवण म्हटलं की बटाटा आठवतो. पण बटाटा तिथे पोचला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि गरिबाचं मुख्य अन्न व्हायला त्याला आणखी शंभर-दीडशे वर्षं लागली. त्याआधीचा हा देश गाईंचा. उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत, तिथेच झोपड्या बांधून राहत आणि लोणी, चीज करत. दुधाच्या या पदार्थांना आयरिश भाषेत ‘पांढरं अन्न’ म्हणत. जोडीला ओट्सची लापशी किंवा भाकरी. लोणी दलदलीत पुरून ठेवण्याचीही रीत होती; दोन-दोन हजार वर्षांपूर्वीचे गोळे आजही जळणासाठी पीट (दलदलीतली वाळवून जाळायची माती) खणताना सापडतात.

मग हे लोणी ताटातून गेलं कुठे? जमीनदाराचा खंड भरायला गेलं. 1770 मध्ये कॉर्क शहरात लोण्याचा मोठा बाजार सुरू झाला आणि तिथून पिंपं थेट वेस्ट इंडीजपर्यंत जाऊ लागली. घुसळणाऱ्यांच्या घरी उरलं ताक. डुक्कर पाळायचं तेही विकण्यासाठीच. जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यात कुटुंब जगवेल असं पीक एकच होतं, बटाटा. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. तीन पायांच्या लोखंडी भांड्यात ते उकडायचे, टोपलीत निथळायचे, टोपली भांड्यावरच ठेवून सगळ्यांनी भोवती बसायचं. मीठ, ताक, जमलं तर खारवलेला हेरिंग मासा. जुने बटाटे संपून नवे निघेपर्यंतचा जुलै मात्र उपाशी जाई.

1845 मध्ये बटाट्यावर करपा रोग आला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. त्या काळातही धान्य आणि लोणी बंदरांतून बाहेर जातच होतं, हे वाचताना आजही जीव कासावीस होतो. मदत म्हणून आलेला मका इतका टणक, की नीट न दळता, न शिजवता खाणाऱ्यांची पोटं बिघडली.

जगभर ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणारा सोडा ब्रेडही याच शतकातला. खाण्याचा सोडा 1830-40 च्या सुमारास खेड्यांत पोचला. तिथल्या मऊ गव्हाला यीस्ट फारसं मानवत नसे. सोडा आणि आंबट ताक मात्र जमलं. भट्टी फार थोड्या घरांत होती, म्हणून पीठ जाड बुडाच्या लोखंडी भांड्यात ठेवायचं, ते चुलीवर टांगायचं आणि झाकणावर पीटचे निखारे रचायचे. 1946 मध्ये खेड्यांत वीज नेण्याचं काम सुरू झालं, तोवर कित्येक घरांत पाव असाच भाजला जाई.